छोट्या निर्मात्यांच्या कीबोर्डवर सीई मार्क का नसतो?

प्रश्न थोडक्यात असा: दोन भागांत विभागलेला एक मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचा आहे. बनवणारा एकटाच आहे, ग्रुप बाय पद्धतीने, म्हणजे आधी सगळ्यांचे पैसे गोळा करून मग बनवून विकतो, आणि सीईबद्दल, म्हणजे वस्तू युरोपच्या कायद्यांत बसते असं सांगणाऱ्या मार्काबद्दल, विचारलं तर सरळ ‘नाही’ म्हणतो. मग हा कीबोर्ड असुरक्षित समजायचा का? इतक्या मन लावून वस्तू बनवणारा माणूस ते एक प्रमाणपत्र का घेत नाही? आणि युरोपातल्या ऑफिसात तो वापरला तर चालेल का?

माझं काम इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या ईएमसी चाचण्यांचं (उपकरणांनी रेडिओ लहरींनी एकमेकांच्या कामात व्यत्यय आणू नये यासाठीच्या) आणि त्यामागच्या कागदपत्रांचं. उत्तर लांबणार आहे, कारण प्रश्नातच एक गृहीतक आहे आणि ते आधी बाजूला काढावं लागेल.

सीई हे कुणी दिलेलं प्रमाणपत्र नाही. लिफ्ट किंवा बरीचशी वैद्यकीय उपकरणं यांच्या बाबतीत तिसऱ्या संस्थेने तपासणी करणं सक्तीचं असतं, पण कीबोर्डसाठी ब्रुसेल्समध्ये कुणी अर्ज घेत नाही, नंबर देत नाही, शिक्का मारत नाही. आपल्या वस्तूला कुठले कायदे लागू होतात हे निर्माता स्वतःच शोधतो. वस्तू त्यात बसते याचा पुरावा जमवून टेक्निकल फाइल बनवतो, अनुरूपतेच्या घोषणापत्रावर सही करतो आणि किमान ५ मिलिमीटर उंचीची ती दोन अक्षरं वस्तूवर छापतो. फाइल आणि घोषणापत्र १० वर्षं जपून ठेवायचं. कुणी अधिकारी विचारायला आला तर दाखवायचं. बाहेरच्या लॅबकडून चाचणी करून घेणं हा पुरावा जमवण्याचा नेहमीचा आणि शहाणपणाचा मार्ग आहे, पण कायद्याने सक्तीचा नाही.

म्हणजे ‘सीई नाही’ याचा अर्थ ‘तपासणीत नापास’ असा होत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की ‘या वस्तूची जबाबदारी माझी’ असं लिहून कुणी सही केलेली नाही. का केली नाही, हा खरा प्रश्न.

आता ‘सुरक्षितता’ या शब्दाकडे येऊ. विजेच्या वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी युरोपात लो व्होल्टेज डिरेक्टिव्ह (डिरेक्टिव्ह म्हणजे युरोपीय संघाचा कायदा) आहे, क्रमांक २०१४/३५/ईयू. तो एसीमध्ये ५० ते १००० व्होल्ट आणि डीसीमध्ये ७५ ते १५०० व्होल्ट या पट्ट्यातल्या उपकरणांना लागू होतो. यूएसबी कीबोर्ड चालतो ५ व्होल्टवर. त्यामुळे तारेच्या कीबोर्डला हा कायदा लागूच होत नाही. अशा कीबोर्डवर सीई मार्क असला तर तो मुख्यतः दोन गोष्टी सांगतो: तो आजूबाजूच्या रेडिओ उपकरणांना त्रास देत नाही आणि त्यांच्यामुळे स्वतः बिघडत नाही, हे एक; आणि त्यात शिसं, कॅडमियम वगैरे ठरावीक पदार्थ मर्यादेबाहेर नाहीत, हे दुसरं. पहिली गोष्ट ईएमसी डिरेक्टिव्हची, २०१४/३०/ईयू. दुसरी रोह्सची, २०११/६५/ईयू. शॉक लागेल का, आग लागेल का, हे त्या मार्काच्या पोटात नाही. तो भाग येतो सर्वसाधारण उत्पादन सुरक्षा नियमात, म्हणजे १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या २०२३/९८८ मध्ये, आणि त्या नियमाला सीई मार्कच नाही.

हे ऐकून लोक चकित होतात. माझ्या मते अर्धा गोंधळ इथेच मिटतो.

रोह्स पटकन उरकतो, कारण तिथे फारशी गुंतागुंत नाही. १० पदार्थ, कॅडमियमला वजनाच्या ०.०१ टक्का मर्यादा, बाकी सगळ्यांना ०.१ टक्का. शेवटचे चार, प्लास्टिक मऊ करणारे थॅलेट, २२ जुलै २०१९ पासून आले. कारखान्यात शिसेविरहित सोल्डरने भरलेला पीसीबी (सर्किट बोर्ड) आणि नामांकित वितरकाकडून घेतलेले भाग असतील तर पुरवठादारांची पत्रं गोळा करून फाइल तयार होते. घरी हाताने जोडून विकणाऱ्याच्या हातात मात्र बहुधा जुनं ६३/३७ सोल्डर असतं, कारण ते कमी तापमानाला वितळतं आणि सांधा छान चमकतो. त्यात ३७ टक्के शिसं. मर्यादा त्या एकसंध पदार्थाच्या वजनावर मोजतात, अख्ख्या कीबोर्डच्या नव्हे. म्हणजे एका सांध्यातच विषय संपला. एरवी निष्णात असलेले कारागीर इथे अडकतात.

ईएमसी ही जास्त रंजक आणि जास्त खर्चिक बाजू. कीबोर्डसारखी बिनधोक वस्तू रेडिओ लहरी कशा फेकणार, असं वाटतं. बटणं वाचण्याचं काम तसं संथच असतं. पण आत मायक्रोकंट्रोलर, म्हणजे कीबोर्ड चालवणारी चिप, आहे, त्याचं घड्याळ आहे, यूएसबीचे १२ मेगाबिटच्या वेगाचे उभ्या कडांचे सिग्नल आहेत, आणि हौसेने बसवलेले शंभरेक रंगीत एलईडी असतील तर तेवढेच छोटे चालू-बंद होणारे करंट आहेत. उभ्या कडांमध्ये मूळ वारंवारितेच्या पटीतल्या लहरी भरलेल्या असतात. आरपी२०४० या चिपबरोबर साधारणपणे १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल बसवतात; त्याची आठवी पट ९६. जुना आवडता एटीमेगा३२यू४ बहुधा १६ मेगाहर्ट्झवर चालवतात; त्याची सहावी पट पुन्हा ९६. हे दोन्ही आकडे एफएम रेडिओच्या पट्ट्यात मधोमध पडतात.

चिप स्वतः फार लहान असते, तिला या लहरी दूर फेकता येत नाहीत. फेकते ती केबल. केबलमधल्या सगळ्या तारांतून एकाच दिशेने वाहणारा, परतीची नीट वाट न मिळालेला करंट म्हणजे कॉमन-मोड करंट, आणि त्याच्या दृष्टीने तुमची केबल म्हणजे अँटेनाच. घरगुती उपकरणांसाठी, म्हणजे ईएन ५५०३२ या युरोपीय मानकातल्या क्लास बी साठी, ३० ते २३० मेगाहर्ट्झमध्ये ३ मीटरवरची मर्यादा ४० डेसिबल मायक्रोव्होल्ट प्रति मीटर आहे. साध्या भाषेत, मीटरमागे १०० मायक्रोव्होल्ट. एक मीटर केबलमधून ५० मेगाहर्ट्झचा फक्त ५ मायक्रोअँपिअर कॉमन-मोड करंट वाहिला तरी ही मर्यादा गाठली जाते. कीबोर्ड एरवी जो करंट घेतो तो मिलिअँपिअरमध्ये मोजतात. त्याचा हजारावा भागही चुकीच्या वाटेने गेला तर चाचणी फसते.

विभागलेल्या कीबोर्डला तर दोन केबल असतात. एक संगणकाकडे जाणारी, दुसरी दोन अर्ध्यांना जोडणारी. ही दुसरी बहुतेक वेळा हेडफोनच्या धर्तीची चार तारांची, टीआरआरएस जॅकची, आणि तिला शील्ड नसते. कवच थ्रीडी प्रिंटरवर काढलेलं किंवा ॲक्रिलिकचं, म्हणजे त्याचाही आडोसा नाही. पीसीबी दोन थरांचा, आणि बटणांच्या ओळी-स्तंभांचे ट्रॅक इकडून तिकडे नेताना ग्राउंडचा थर जागोजागी कापलेला. परतीची वाट तुटते ती इथेच. यातलं काहीच वाईट कारागिरीचं लक्षण नाही. बनवणाऱ्याने टायपिंगचा विचार केलेला असतो, लहरींचा नाही, इतकंच.

युरोपात आणखी एक गोष्ट मागतात आणि ती अमेरिकेत मागत नाहीत: उपकरणाने त्रास देऊ नये एवढंच पुरेसं नसून त्याने त्रास सोसायलाही हवा. त्यासाठी ईएन ५५०३५ आहे. स्थिर विद्युतेचा झटका द्यायचा, धातूला टेकवून ४ किलोव्होल्ट आणि हवेतून ८ किलोव्होल्ट. कीबोर्ड क्षणभर गडबडला तर चालतं, पण माणसाने हात न लावता तो आपोआप सावरायला हवा. केबल काढून पुन्हा लावावी लागली की नापास. जाड ॲल्युमिनियमचं देखणं कवच, पण ते कुठेच ग्राउंडला जोडलेलं नाही, अशी रचना हौशी कीबोर्डमध्ये सर्रास दिसते. झटका कवचावर बसतो, तिथून जवळच्या पीसीबीवर उडी मारतो, दोन अर्ध्यांमधला संवाद अडकतो आणि कीबोर्डचा डावा अर्धा मुका होतो. वापरतानाही कोरड्या हवेत हेच घडतं. मालक फर्मवेअरला, म्हणजे चिपमधल्या सॉफ्टवेअरला, दोष देतो, बिचारं फर्मवेअर निर्दोष असतं.

सुदैवाने कीबोर्डला सगळ्याच चाचण्या लागू होत नाहीत. केबल ३ मीटरपेक्षा लांब नसली की डेटा केबलवरच्या काही चाचण्या गळतात. दुसरीकडे एक वेगळीच कटकट असते: कीबोर्ड एकटा तपासता येत नाही, त्याला संगणक जोडावा लागतो, आणि संगणक स्वतः कीबोर्डपेक्षा कितीतरी जास्त गोंगाट करतो. मोजणीच्या पडद्यावर दिसणारं लहरींचं टोक नेमकं कुणाचं हे शोधण्यात लॅबचा वेळ जातो, आणि लॅबचा वेळ तासावर विकला जातो. शांत लॅपटॉप जवळ बाळगणाऱ्या लॅबला माझ्या लेखी फार मान आहे.

आता पैशांकडे. पूर्ण ईएमसी चाचणीला साधारण काही हजार युरो लागतात असं धरून चाला. हिशेबासाठी ४००० घेऊ. कंपनीने १ लाख कीबोर्ड विकले तर नगामागे ४ सेंट. हौशी माणसाने १०० विकले तर नगामागे ४० युरो. एवढ्यावर भागलं तरी ठीक, पण छोट्या निर्मात्याचं खरं दुखणं मला वेगळं वाटतं, आणि ते ग्रुप बायच्या रचनेतच आहे.

ग्रुप बायमध्ये आधी पैसे गोळा होतात, मग उत्पादन होतं. चाचणी करायची तर अंतिम नमुना हवा. अंतिम नमुना तयार होतो तोपर्यंत किंमत जाहीर झालेली असते, पैसे आलेले असतात, बहुतेक वेळा पीसीबीची ऑर्डरही गेलेली असते. अशा वेळी लॅबमध्ये नमुना नापास झाला तर? उपाय सहसा स्वस्तच असतात. यूएसबीच्या तारांवर फेराइट (नको असलेल्या लहरी अडवणारा छोटा भाग), घड्याळाच्या वाटेत एखादा छोटा रोधक, शील्डची जोडणी नीट, ग्राउंडच्या थराला पडलेली भोकं बुजवणं. आरेखन चालू असताना केलं तर खर्च जवळजवळ शून्य. तेच सगळे पीसीबी छापून झाल्यावर करायचं म्हणजे नवी आवृत्ती, पुन्हा उत्पादन, पुन्हा चाचणी, काही महिन्यांचा उशीर आणि शंभर नाराज ग्राहक. नापास होण्याची तरतूद ज्या व्यवहारात कुठेच नाही, त्यात माणूस परीक्षेलाच बसत नाही. त्याला बेफिकीर म्हणणं सोपं आहे, पण त्याच्या जागी बसून पाहिलं तर त्याचा निर्णय समजतो. समर्थन करतोय असं नाही.

भरीला पर्यायांची हौस असते. ॲल्युमिनियम कवच की ॲक्रिलिक, एलईडी हवे की नकोत, मायक्रोकंट्रोलर यातला की त्यातला. चाचणी कुठल्या जोडणीची करायची? प्रत्येकीची करावी लागत नाही, सगळ्यात वाईट जोडणी निवडून तिची केली आणि ती निवड का केली हे फाइलमध्ये नीट लिहिलं तर चालतं. पण सगळ्यात वाईट कोणती हे ओळखायला अनुभव लागतो. आणि सहा महिन्यांनी चिप मिळेनाशी झाली म्हणून दुसरी बसवली की पुरावा पुन्हा तपासावा लागतो.

‘आम्ही तर किट विकतो, तयार कीबोर्ड नाही’ हा बचाव नेहमी ऐकू येतो. तो वाटतो तितका पक्का नाही. रिकामा पीसीबी, ज्यावर एकही भाग बसवलेला नाही, तो काहीच फेकत नाही. कीकॅप, स्विच, धातूची प्लेट, कवच यांना ईएमसीचा प्रश्नच येत नाही. पण ईएमसी डिरेक्टिव्हमध्ये ‘उपकरण’ या व्याख्येत ग्राहकाने स्वतः दुसऱ्या उपकरणात बसवायचे आणि लहरी फेकू शकणारे सुटे भागही मोडतात. मायक्रोकंट्रोलरसकट भरलेला, फक्त स्विच खोचायचा बाकी असलेला पीसीबी सामान्य ग्राहकाला विकला तर तो या व्याख्येत चपखल बसतो. काहीजण वस्तूवर ‘डेव्हलपमेंट बोर्ड’ असं लिहून सुटू पाहतात. कायद्यात तशी सवलत आहे खरी, पण ती व्यावसायिकांसाठी खास बनवलेल्या, फक्त संशोधन आणि विकासाच्या जागी वापरायच्या मूल्यमापन किटला आहे. ईमेल टाइप करायच्या कीबोर्डला ती लावणं म्हणजे ओढाताण आहे.

खुल्या आरेखनावरून स्वतःसाठी एक बनवणं ही मात्र वेगळी गोष्ट. त्यात काही बाजारात आणलेलंच नाही. अमेरिकेत तर हे नियमात लिहून ठेवलंय: किटमधून न बनवलेली, विक्रीसाठी नसलेली, पाच किंवा कमी नगांत स्वतःच्या वापरासाठी बनवलेली वस्तू परवानगीच्या प्रक्रियेतून मोकळी. युरोपात तुमच्या घरगुती कीबोर्डमुळे शेजारच्या रेडिओत खरखर सुरू झाली तर जर्मनीत बुंडेसनेत्झएजंटूरसारखी रेडिओ लहरींवर लक्ष ठेवणारी सरकारी यंत्रणा शोध घेत येऊ शकते, पण मार्क नाही म्हणून येणार नाही. आरेखन फुकट वाटणारा निर्माता ठरत नाही. तेच आरेखन घेऊन स्वतःच्या नावाने जोडून विकणारा ठरतो. ‘मी फक्त सोल्डरिंग करून देतो’ म्हणणाऱ्या पुष्कळांना हे माहीत नसतं.

सीईपेक्षाही छोट्या विक्रेत्याला दमवणारे कायदे वेगळेच आहेत, आणि चर्चेत त्यांचं नाव फार कमी येतं. ई-कचऱ्याच्या डिरेक्टिव्हखाली, २०१२/१९/ईयू, प्रत्येक देशात स्वतंत्र नोंदणी लागते. जर्मनीत तर एकच नग विकायचा असला तरी लागते. पॅकेजिंगची नोंदणी वेगळी. त्यातच १६ जुलै २०२१ पासून, नियम २०१९/१०२० नुसार, ईएमसीसारख्या कायद्यांखालच्या वस्तूंसाठी युरोपीय संघात पत्ता असलेली एक जबाबदार व्यक्ती किंवा संस्था दाखवावी लागते. २०२३/९८८ ने हीच अट कितीतरी जास्त वस्तूंवर आणली. म्हणजे युरोपाबाहेरच्या एकट्या निर्मात्याने चाचणी करून घोषणापत्रावर सही केली तरी काम भागत नाही, दरवर्षी पैसे घेऊन आपलं नाव देणारा कुणीतरी तिथे शोधावा लागतो. कित्येक छोट्या विक्रेत्यांनी यानंतर युरोपला माल पाठवणंच थांबवलं. ज्यांनी थांबवलं नाही त्यांच्यातल्या काहींना या नियमाचा पत्ताच नाही.

आणखी दोन जातींचे कीबोर्ड या रांगेत येतात, पण त्यांचं कारण निराळं आहे. पहिली जात, जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी बनवलेले. तिथे उत्सर्जनासाठी व्हीसीसीआय नावाची ऐच्छिक व्यवस्था आहे, आणि तिच्या मर्यादा त्याच आंतरराष्ट्रीय मानकावर आधारलेल्या आहेत ज्यावरून युरोपचं ईएन ५५०३२ आलं. असा कीबोर्ड प्रयोगशाळेत जाऊन आलेला असण्याची शक्यता मोठी, फक्त निर्मात्याने युरोपसाठी सही केलेली नसते. सोसण्याच्या चाचण्या झाल्या असतील असंही धरता येत नाही. दुसरी जात जुन्यांची. आयबीएमचा मॉडेल एम १९८५ मध्ये आला. पहिला ईएमसी डिरेक्टिव्ह ८९/३३६/ईईसी सक्तीचा झाला १ जानेवारी १९९६ पासून. त्याआधीच्या कीबोर्डवर मार्क शोधणं व्यर्थ. युरोपात तेव्हाच विकला गेलेला कीबोर्ड आज तिथेच जुन्या बाजारात हात बदलतो, त्याला हरकत नाही. तोच नमुना कुणी बाहेरून आयात करून धंदा म्हणून विकू लागला तर कायद्याच्या दृष्टीने तो पहिल्यांदाच बाजारात येतोय, आणि आजचे नियम लागतात. संग्राहकांना हे पटत नाही, पण नियम तसाच आहे.

वायरलेस कीबोर्डच्या बाबतीत माझा सूर बदलतो. तिथे ईएमसी डिरेक्टिव्हच्या जागी रेडिओ उपकरणांचा डिरेक्टिव्ह येतो, २०१४/५३/ईयू, आणि त्यात सुरक्षिततेला व्होल्टेजची खालची मर्यादा नाही. म्हणजे ३.७ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या कीबोर्डलाही सुरक्षिततेची तपासणी लागते. इथे मार्काची अनुपस्थिती खरोखर काहीतरी सांगू शकते. रेडिओचा भाग त्यामानाने सोपा आहे. एनआरएफ५२८४० या चिपवर आधारलेली, आधीच तपासलेली मॉड्यूल मिळतात आणि त्यांचे अहवाल वापरता येतात. पण मार्क असलेले दोन भाग जोडले की तिसऱ्या वस्तूला आपोआप मार्क मिळत नाही, हे युरोपीय आयोगाच्या मार्गदर्शनातही सांगितलेलं आहे.

खरी काळजी बॅटरीची. पातळ लिथियम पॉलिमरचा पाउच, पीसीबीच्या खाली दोन मिलिमीटरच्या फटीत दोन्ही बाजूंना चिकटणाऱ्या पट्टीने बसवलेला, आणि वरून सोल्डर केलेल्या स्विचच्या टोकदार पिना त्याच्यावर रोखलेल्या. बटण जोरात दाबलं की पीसीबी वाकतो. याशिवाय चार्जिंगचा करंट मोठ्या सेलसाठी ठरवलेला आणि बसवलेला सेल चिमुकला, हाही नेहमीचा प्रकार. सेलला स्वतःचं संरक्षक सर्किट आहे की नाही हे विक्रेत्याला विचारलं तर उत्तर यायला वेळ लागतो. तारेचा कीबोर्ड मार्काशिवाय घ्यायला मी फारसा बिचकत नाही. वायरलेस, मार्काशिवाय, अनोळखी सेलसह असेल तर मी घेत नाही. नियमही इकडेच घट्ट होत चाललेत: १८ ऑगस्ट २०२४ पासून बॅटरीवर स्वतंत्र सीई मार्क, २८ डिसेंबर २०२४ पासून तारेने चार्ज होणाऱ्या कीबोर्डला यूएसबी-सी, आणि १८ फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी रचना.

उलट्या बाजूचंही सांगितलं पाहिजे. मार्क आहे म्हणजे काम झालं आहे, असंही नाही. घोषणा स्वतःच करायची असल्यामुळे न तपासता छापणारे भरपूर आहेत. ‘ते सीई म्हणजे चायना एक्स्पोर्ट’ ही अफवा आहे, तसा कुठलाही अधिकृत मार्क अस्तित्वात नाही. अक्षरांमधलं अंतर चुकलेलं असेल तर ते बहुधा निष्काळजीपणाने छापलेलं सीईच असतं. गंमत म्हणजे जिथे लागू नाही तिथे मार्क लावणं हाही नियमभंग आहे, ७६५/२००८ या नियमात तसं स्पष्ट आहे. कीकॅपच्या डब्यावर किंवा मनगटाखालच्या उशीवर सीई दिसला तर विक्रेत्याला नियम कळलेले नाहीत असं समजा. न तपासता मार्क छापणाऱ्यापेक्षा ‘माझ्याकडे सीई नाही’ असं सांगणाऱ्यावर मी जास्त विश्वास ठेवतो. कायद्याला मात्र त्याच्या प्रामाणिकपणाशी देणंघेणं नाही. युरोपातल्या ग्राहकाला उद्देशून तो विकत असेल तर नियम मोडतोच आहे.

ग्राहक म्हणून तुमच्यावर काय येतं? ही बंधनं निर्माता, आयातदार आणि वितरक यांच्यावर आहेत, स्वतःसाठी एक कीबोर्ड घेणाऱ्यावर नाहीत. पण माल सीमाशुल्कात अडकू शकतो. कागद नाहीत किंवा जबाबदार व्यक्तीचं नाव नाही म्हणून अधिकारी तो थांबवू शकतात, आणि मग पैसे परत मिळवणं तुमच्या आणि विक्रेत्याच्या संबंधांवर.

घेण्यापूर्वी विक्रेत्याला ‘सीई आहे का’ एवढंच विचारू नका. घोषणापत्राची प्रत मागा, त्यावर मानकांचे क्रमांक आणि कुणाची तरी सही असते. नसेल तर विचारा: पीसीबी कारखान्यात भरला की हाताने, सोल्डर शिसेविरहित आहे का, यूएसबीच्या तोंडाशी ईएसडीपासून, म्हणजे स्थिर विद्युतेच्या झटक्यापासून, वाचवणारी चिप आहे का, पॉवरच्या वाटेत फ्यूज आहे का, धातूचं कवच ग्राउंडला जोडलंय का. कुशल माणूस दोन ओळींत उत्तर देतो, बहुतेक वेळा खुशीने देतो. टीआरआरएस जॅकच्या कीबोर्डबद्दल एक लक्षात ठेवा: संगणकाला जोडलेला असताना मधली केबल काढू-घालू नका. प्लग सरकताना ५ व्होल्टची वाट डेटाच्या तारेला टेकते आणि चिप जळू शकते. आरेखनातला हा दोष इतका प्रसिद्ध आहे की नवे लोक तिथे यूएसबी-सीचा जॅक घालू लागलेत, आणि सीईची कुठलीही चाचणी तो पकडत नाही.

पुढे हे सोपं होणार नाही. सायबर रेझिलियन्स ॲक्ट हा सायबर सुरक्षेचा कायदा, म्हणजे २०२४/२८४७, याच्या मुख्य अटी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील, आणि त्या दुसऱ्या उपकरणाला डेटासाठी जोडल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरसह वस्तूंना लागतात. यूएसबी कीबोर्ड त्यात येतो. म्हणजे फर्मवेअरमधल्या त्रुटी कशा हाताळणार, दुरुस्त्या किती काळ देणार, हेही सीईच्या सहीखाली येईल. क्यूएमकेसारखं खुलं फर्मवेअर जसंच्या तसं चढवून विकणाऱ्याला त्याची जबाबदारी स्वतःच्या नावावर घ्यावी लागेल.

ऑफिसचा प्रश्न राहिला. तुमचा स्वतःचा तारेचा कीबोर्ड कामावर नेणं याला सीईचे नियम थेट आडवे येत नाहीत, पण कामाच्या जागी काय वापरलं जातं याची जबाबदारी नोकरी देणाऱ्या कंपनीची असते. त्यामुळे कित्येक कंपन्या मार्क नसलेलं काहीही टेबलावर ठेवू देत नाहीत, आणि फर्मवेअर बदलता येणारं यूएसबी उपकरण त्यांच्या आयटी विभागाला वेगळ्या कारणाने खुपतं. परवानगी लेखी घ्या. आणि स्क्रीनवरच्या कामाबद्दलचा ९०/२७०/ईईसी हा डिरेक्टिव्हही पाहून ठेवा. कीबोर्ड पडद्यापासून वेगळा आणि तिरपा करता येणारा असावा, पृष्ठभाग चकचकीत नसावा आणि बटणांवरची चिन्हं नीट उठून दिसून वाचता यावीत, अशा अटी त्यात आहेत. विभागलेला कीबोर्ड यातल्या बऱ्याच अटी आरामात पुऱ्या करतो. अडतो तो कोऱ्या कीकॅपवर, तेव्हा ऑफिससाठी छापील अक्षरांचा एक संच बरोबरच मागवा.